घरच्या संगणकासाठी मोफत अँटिव्हायरस निवडताना

नवा संगणक घरी आला की पहिल्या दोन-चार दिवसांतच कोणीतरी विचारते, "अँटिव्हायरस टाकलात का?" मग घाईघाईने 'मोफत अँटिव्हायरस' असे शोधले जाते आणि सर्वांत वर जी जाहिरात दिसेल तिच्यावर क्लिक केले जाते. त्या क्लिकच्या आधी पंधरा-वीस मिनिटे थांबून काय तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि बसवून झाल्यावर काय करावे, हे या लेखात सांगितले आहे. लेख मुख्यतः विंडोज 10 आणि विंडोज 11 वापरणाऱ्या, पण संगणकाच्या आतल्या गोष्टींशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचणे सोपे जाईल. विंडोजबरोबर जो अँटिव्हायरस येतो तो नीट चालू असेल आणि विंडोजचे अपडेट वेळेवर होत असतील, तर बहुतेक घरांना वेगळा अँटिव्हायरस शोधण्याची गरज उरलेली नाही. तरीही वेगळा घ्यायचा असेल, तर तो कशासाठी घेतो आहोत, त्याच्या बदल्यात आपण काय देतो आहोत आणि तो नेमका कोठून डाउनलोड करतो आहोत, या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असायला हवीत.

पहिली पायरी: आत्ता संगणकात काय आहे ते पाहा

स्टार्ट मेनू उघडून 'विंडोज सिक्युरिटी' असे शोधा आणि ते ॲप उघडा. त्यातील 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' या भागात गेल्यावर सध्या कोणता अँटिव्हायरस पहारा देत आहे हे स्पष्ट दिसते. तेथे 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर अँटिव्हायरस' असे असेल तर विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस काम करत आहे. दुसऱ्या कंपनीचे नाव असेल तर त्या कंपनीचा अँटिव्हायरस चालू असून डिफेंडरने स्वतःहून माघार घेतलेली आहे.

अनेक नव्या संगणकांवर एखाद्या कंपनीचा अँटिव्हायरस आधीच बसवलेला असतो. तो मोफत आहे असे वाटते, पण बहुधा ती ठरावीक दिवसांची चाचणी आवृत्ती असते. मुदत संपली की तो पैसे भरण्याची आठवण करून देऊ लागतो आणि नव्या धोक्यांची माहिती घेणे थांबवतो. घड्याळाशेजारी त्याचे चिन्ह मात्र दिसत राहते, त्यामुळे घरच्यांचा समज असा होतो की संरक्षण आहे. असा अँटिव्हायरस पैसे भरून पुढे चालवायचा नसेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता सेटिंग्जमधील 'ॲप्स' या भागात जाऊन तो अनइन्स्टॉल करावा आणि संगणक रीस्टार्ट करावा.

परिचयातील एका काकूंचा संगणक "फार हळू चालतो" म्हणून पाहायला गेलो, तेव्हा घड्याळाशेजारच्या छोट्या बाणावर क्लिक केल्यावर तीन वेगवेगळ्या अँटिव्हायरसची चिन्हे दिसली. एक संगणकाबरोबर आलेला आणि मुदत संपलेला, दुसरा मुलाने टाकलेला, तिसरा कुठल्याशा प्रोग्रामसोबत न सांगता आलेला. काकूंना वाटत होते की तीन पहारेकरी म्हणजे तिप्पट सुरक्षा. प्रत्यक्षात एखादी फाइल उघडताच ती प्रत्येक अँटिव्हायरस स्वतंत्रपणे अडवून तपासू पाहतो, त्यामुळे प्रत्येक क्लिकला वेळ लागतो. शिवाय एका अँटिव्हायरसने वेगळ्या काढून ठेवलेल्या घातक फाइली किंवा त्याच्याकडील विषाणूंच्या ओळखखुणा दुसऱ्याला धोका वाटू शकतात आणि ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. सतत पहारा देणारा अँटिव्हायरस एका वेळी एकच असावा, हा नियम कोणत्याही परिस्थितीत मोडू नये. काकूंच्या संगणकावरील दोन अँटिव्हायरस काढून तो रीस्टार्ट केला, तेव्हा त्यांची तक्रार तेथेच संपली.

दुसरी पायरी: अँटिव्हायरस काय करतो आणि काय करत नाही

हे थोडे समजून घेतले तर जाहिरातींमधील मोठमोठ्या शब्दांनी गोंधळून जायला होत नाही. अँटिव्हायरसचे सर्वांत जुने काम म्हणजे ओळखखुणा जुळवणे: आधी सापडलेल्या घातक फाइलींच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते आणि आपण उघडत असलेली फाइल त्या यादीशी ताडून पाहिली जाते. पण घातक प्रोग्राम रोज नव्या रूपात येतात, म्हणून यादीत नसलेल्या फाइलींची रचना संशयास्पद आहे का हे पाहणे, चालू झालेल्या प्रोग्रामच्या वागण्यावर लक्ष ठेवणे आणि शंका आल्यास कंपनीच्या सर्व्हरला तत्काळ विचारून घेणे, ही कामेही आजचा अँटिव्हायरस करतो. एखादा अनोळखी प्रोग्राम अचानक शेकडो छायाचित्रे आणि कागदपत्रे भराभर बदलू लागला, तर त्याचे नाव कोणत्याही यादीत नसले तरी त्याला थांबवणे हे वागण्यावरून ओळखण्याचे उदाहरण आहे. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या रॅन्समवेअरला अडवताना हीच क्षमता कामाला येते.

संशय घेणारा पहारेकरी कधीकधी निरपराधालाही पकडतो. 2010 च्या एप्रिलमध्ये मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीमधील एक आवश्यक सिस्टिम फाइल विषाणू समजून हटवली आणि अनेक देशांतील संगणक पुन्हापुन्हा बंद पडून सुरू होऊ लागले. म्हणून अँटिव्हायरस किती धोके पकडतो याबरोबरच तो किती वेळा चुकीचा इशारा देतो, हेही निवडताना पाहायचे असते. नवख्या व्यक्तीसाठी तर ही बाब अधिक महत्त्वाची आहे, कारण वारंवार खोटे इशारे मिळाले की माणूस खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो.

आता तो काय करत नाही ते. बँकेचे नाव सांगून फोन करणाऱ्याला आपण स्वतः ओटीपी सांगितला, तर कोणताही अँटिव्हायरस मध्ये पडू शकत नाही. एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला आणि त्यांतील एका ठिकाणाहून तो फुटला, तर तेथेही त्याचा उपयोग नाही. विंडोजमधील जुने दोष दुरुस्त करणे हेही त्याचे काम नव्हे. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने सुमारे दीडशे देशांत धुमाकूळ घातला. ज्या दोषाचा त्याने फायदा घेतला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ते अपडेट घेतले होते त्यांच्या संगणकात शिरायला त्याला ती वाट उरली नव्हती.

याच कारणासाठी विंडोज 10 वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विंडोज 10 चा नेहमीचा आधार (सपोर्ट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. डिफेंडरला नव्या विषाणूंची माहिती त्यानंतरही मिळत राहणार असली, तरी विंडोजमध्ये नव्याने सापडणाऱ्या दोषांची दुरुस्ती केवळ वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केलेल्या संगणकांना आणि मर्यादित काळच मिळते. संगणक विंडोज 11 ला पात्र असेल तर आधी विंडोज 11 वर जावे. अँटिव्हायरसची निवड त्यानंतरची गोष्ट आहे. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' येथे दिसते.

तिसरी पायरी: डिफेंडरवर भागते का ते ठरवा

डिफेंडरबद्दल अनेकांच्या मनात जुना अविश्वास आहे आणि तो निराधार नव्हता. विंडोज 7 मधील डिफेंडर केवळ हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामपुरता होता; पूर्ण अँटिव्हायरस म्हणून तो 2012 मध्ये विंडोज 8 सोबत आला आणि त्यानंतरची काही वर्षे स्वतंत्र चाचण्यांत तो तळाशीच असे. पुढे तो झपाट्याने सुधारला आणि गेली अनेक वर्षे त्याच चाचण्यांत तो नामांकित अँटिव्हायरसच्या बरोबरीने गुण मिळवत आहे. "डिफेंडर म्हणजे नसल्यासारखाच" हे वाक्य आजही ऐकू येते, ते त्या जुन्या काळातले आहे.

मात्र तो पूर्ण क्षमतेने चालू आहे का, हे पाहणे आपल्या हातात आहे. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून 'मॅनेज सेटिंग्ज'वर क्लिक करा. तेथे 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही बटणे चालू असली पाहिजेत. पहिले म्हणजे सततचा पहारा, दुसरे म्हणजे शंका आल्यास सर्व्हरला विचारण्याची सोय, आणि तिसरे म्हणजे घातक प्रोग्रामने डिफेंडरच बंद करू नये यासाठीचा अडसर. त्यानंतर 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' या भागात 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये जाऊन नको असलेली ॲप अडवण्याचा पर्याय चालू आहे का ते पाहा. एखाद्या मोफत प्रोग्रामच्या आडून येणारे टूलबार आणि जाहिरातबाज ॲप यामुळे दाराबाहेर राहतात.

आणखी एक सोय आहे, ती मुळात बंद असते आणि फार थोड्यांना ठाऊक असते. 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधील 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू केल्यास डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या फोल्डरमध्ये केवळ विश्वासू प्रोग्रामनाच बदल करता येतात. सुरुवातीचे काही दिवस एखादा चांगला प्रोग्रामही अडतो आणि त्याला यादीत घालून परवानगी द्यावी लागते, पण घरच्या छायाचित्रांची काळजी असणाऱ्याने हा त्रास जरूर सोसावा असे मला मनापासून वाटते.

मग वेगळा अँटिव्हायरस कोणी घ्यावा? दोन कारणे मला पटण्यासारखी वाटतात. पहिले म्हणजे संगणक बराच वेळ इंटरनेटशिवाय असतो आणि पेन ड्राइव्हची ये-जा मात्र भरपूर असते. डिफेंडर सर्व्हरच्या मदतीवर बराच अवलंबून आहे आणि इंटरनेट नसताना त्याची पकड काही इतर अँटिव्हायरसपेक्षा ढिली पडते, असे चाचण्यांत दिसत आले आहे. दुसरे म्हणजे फसव्या संकेतस्थळांना अडवणारी मायक्रोसॉफ्टची सोय मुख्यतः एज ब्राउझरशी जोडलेली आहे. क्रोम किंवा फायरफॉक्स वापरणाऱ्यांना त्या ब्राउझरचे स्वतःचे संरक्षण असतेच, पण त्यावर आणखी एक चाळणी हवीशी वाटू शकते. "सगळे जण टाकतात म्हणून" हे मात्र कारण होऊ शकत नाही.

मॅकमध्ये एक्सप्रोटेक्ट आणि गेटकीपर या ॲपलच्या अंगभूत व्यवस्था असतात आणि ॲप ओळखीच्या ठिकाणाहूनच घेणाऱ्याला त्या सहसा पुरतात. घरगुती लिनक्सवर सततचा अँटिव्हायरस क्वचितच लागतो.

चौथी पायरी: वेगळा घ्यायचा तर चाचण्या पाहा

'सर्वोत्तम दहा मोफत अँटिव्हायरस' अशा यादीवर विसंबून राहू नये, कारण अशा अनेक याद्या लिहिणाऱ्यांना त्यांनी यादीत दिलेल्या लिंकवरून विक्री झाली की त्यातून वाटा मिळतो. त्याऐवजी चाचणी घेणाऱ्या स्वतंत्र संस्थांचे अहवाल पाहावेत. ते मोफत वाचता येतात. जर्मनीतील माग्देबुर्ग येथील एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, संगणकाच्या वेगावरील परिणाम आणि वापरातील सोय अशा तीन बाबींना प्रत्येकी 6, म्हणजे एकूण 18 पैकी गुण देते. चुकीचे इशारे यांतल्या तिसऱ्या बाबीत मोजले जातात. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज प्रत्यक्ष वापरातील धोक्यांसारखी परिस्थिती उभी करून चाचण्या घेते आणि चुकीच्या इशाऱ्यांची संख्या वेगळी छापते. ब्रिटनमधील एसई लॅब्ज ही तिसरी विश्वासार्ह संस्था.

अहवाल वाचताना एकाच महिन्याच्या निकालावर भिस्त ठेवू नका. पहिल्या पाच-सहा अँटिव्हायरसमधील फरक बहुधा इतका थोडा असतो की पुढच्या फेरीत क्रम बदलतो. गेल्या वर्ष-दीड वर्षात जो सातत्याने वरच्या गटात राहिला आहे तो आपल्या कामाचा. संगणक जुना असेल, रॅम कमी असेल आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर वेगाचे गुण आधी पाहावेत. कारण संगणक हळू झाला म्हणून घरातले कोणीतरी अँटिव्हायरस बंद करून टाकते, आणि तसा बंद पडलेला उत्तम अँटिव्हायरस चालू असलेल्या मध्यम अँटिव्हायरसपेक्षा वाईट.

पाचवी पायरी: 'मोफत'ची किंमत समजून घ्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. अँटिव्हायरस हा संगणकातील सर्वाधिक अधिकार असलेल्या प्रोग्रामपैकी एक असतो. प्रत्येक फाइल त्याच्या नजरेखालून जाते आणि आपण कोणती संकेतस्थळे पाहतो हेही त्याला अनेकदा कळते, कारण घातक पत्ता अडवायचा तर आधी पत्ता पाहावाच लागतो. एवढा विश्वास टाकायचा तर तो कोणावर टाकतो आहोत हे माहीत असले पाहिजे.

हे केवळ कल्पनेतील भय नाही. अवास्ट या अतिशय लोकप्रिय मोफत अँटिव्हायरसच्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या तिच्याच उपकंपनीमार्फत इतर कंपन्यांना विकली जात असल्याचे 2020 च्या जानेवारीत उघडकीस आले आणि त्याच महिन्यात जम्पशॉट बंद करण्याची घोषणा झाली. पुढे 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताचे रक्षण करणाऱ्या सरकारी संस्थेने या प्रकरणी अवास्टला 1 कोटी 65 लाख डॉलर भरण्यास लावले आणि अशी माहिती जाहिरातींसाठी विकण्यास बंदी घातली. लोकांनी जो प्रोग्राम हेरगिरीपासून बचाव व्हावा म्हणून घेतला, त्यातूनच त्यांचे खासगी आयुष्य बाजारात गेले, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

म्हणून प्रोग्राम बसवण्याआधी त्याचे गोपनीयता धोरण उघडून निदान तीन गोष्टी शोधा: कोणती माहिती गोळा होते, ती दुसऱ्यांना दिली जाते का, आणि ती देणे आपल्याला बंद करता येते का. बसवल्यानंतर सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी'च्या भागात जाऊन जाहिरातींसाठी व विश्लेषणासाठी माहिती पाठवण्याच्या सर्व खुणा काढून टाका. संशयास्पद फाइलींचे नमुने पाठवण्याचा पर्याय वेगळा असतो. तो संरक्षणाचा भाग आहे आणि चालू ठेवला तरी चालतो.

आता काही नावांविषयी. अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही तीन नावे वेगळी दिसली तरी आज ती नॉर्टनसह जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या छत्राखाली आहेत. अवास्टने एव्हीजी 2016 मध्येच विकत घेतली होती, त्यामुळे या दोघांत तुलना करण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. पकडण्याच्या कामात ते चांगले आहेत, पण पैसे भरून वरची आवृत्ती घेण्याची आर्जवे त्यांच्याकडून वरचेवर होत राहतात. रुमानियातील बिटडिफेंडरची मोफत आवृत्ती साधी आहे, तिच्यात ढवळाढवळ करायला फारशा सेटिंग्ज नाहीत. मात्र तिच्यासाठी ईमेल देऊन खाते उघडावे लागते. नवख्या व्यक्तीने वेगळा अँटिव्हायरस घ्यायचाच ठरवले, तर मी आधी हिच्याकडे पाहायला सांगेन. कॅस्परस्कीचीही मोफत आवृत्ती आहे आणि चाचण्यांत तिची कामगिरी उत्तम राहिली आहे, परंतु ही कंपनी रशियन असल्याने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन अमेरिकेने 2024 मध्ये तिच्या विक्रीवर आणि अपडेटवर बंदी घातली. कंपनीने आरोप फेटाळले आहेत. हे माहीत असून मग आपला निर्णय घ्यावा. मालवेअरबाइट्सच्या मोफत आवृत्तीबाबत मोठा गैरसमज आहे: चाचणीचे दिवस संपल्यावर ती सततचा पहारा देत नाही, आपण सांगितल्यावर तपासणी आणि सफाई मात्र करते. त्यामुळे ती मुख्य अँटिव्हायरसला पर्याय होऊ शकत नाही, पण त्याच्या जोडीला दुसरे मत घेण्यासाठी उपयोगी आहे.

बहुतेक मोफत आवृत्त्यांचा परवाना केवळ घरगुती वापरापुरता असतो, हेही पाहून ठेवा. घरच्याच संगणकावर व्यवसाय चालत असेल तर अटी वाचणे भाग आहे.

सहावी पायरी: डाउनलोड करताना आणि बसवताना

धोका सर्वांत जास्त कोठे असेल तर तो येथे. 2008 च्या सुमारास 'अँटिव्हायरस 2009'सारख्या नावांचे खोटे अँटिव्हायरस पसरले होते. ते खोटी तपासणी दाखवत, डझनभर विषाणू सापडल्याचे सांगत आणि सफाईसाठी कार्डावरून पैसे मागत. आजही त्याच धर्तीचे प्रोग्राम शोधनिकालांतील जाहिरातींच्या आडून येतात. म्हणून जाहिरात असे लिहिलेल्या निकालांना सोडून खाली या, कंपनीचे संकेतस्थळ उघडा आणि ॲड्रेस बारमधील पत्त्याचे स्पेलिंग अक्षर अक्षर वाचा. 'फ्री डाउनलोड'चे मोठे हिरवे बटण असलेल्या तिऱ्हाईत संकेतस्थळांवरून अँटिव्हायरस कधीही घेऊ नये. सशुल्क आवृत्ती 'क्रॅक' करून देणाऱ्या फाइली तर निखालस टाळाव्यात, कारण त्या चालवताना "आधी अँटिव्हायरस बंद करा" अशीच सूचना असते आणि आपण स्वतःच्या हाताने दार उघडून देतो.

फाइल उतरली की ती लगेच उघडू नका. तिच्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब पाहा. खऱ्या फाइलीत तेथे कंपनीचे नाव असते. टॅबच नसेल किंवा भलतेच नाव असेल तर फाइल काढून टाका.

बसवताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत जाण्याची सवय येथे महागात पडते. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आधीच खूण केलेली एखादी चौकट असते: दुसरा ब्राउझर बसवा, तो मुख्य ब्राउझर करा, शोधयंत्र बदला. मोठे रंगीत बटण सगळे काही मान्य करून टाकते आणि 'कस्टमाइझ' हा शब्द फिकट रंगात बाजूला लिहिलेला असतो. त्या फिकट शब्दावर क्लिक करा. फाइलींवरील पहारा, वागण्यावरील नजर, संकेतस्थळांची आणि ईमेलची तपासणी एवढे भाग ठेवा. संगणक 'वेगवान' करणारे, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्राम) अपडेट करणारे किंवा व्हीपीएनची (इंटरनेटवरील आपली ये-जा लपवणाऱ्या सेवेची) जाहिरात करणारे भाग काढून टाका. हे अतिरिक्त भाग बहुधा तपासणी फुकट करतात आणि दुरुस्तीसाठी पैसे मागतात.

सातवी पायरी: पहारेकरी जागा आहे का ते पाहा

बसवून झाल्यावर संगणक रीस्टार्ट करा, अपडेट होऊ द्या आणि एकदा 'फुल स्कॅन' चालवा. फाइली खूप असतील तर त्याला काही तास लागू शकतात. रात्री चालवणे सोयीचे. नंतर 'क्विक स्कॅन' पुरते.

अँटिव्हायरस खरोखर पकडतो का हे निर्धोकपणे पाहण्याचा एक मार्ग आहे. आयकार या संस्थेने 68 अक्षरांची एक चाचणी फाइल तयार केलेली आहे. ती विषाणू नाही, कोणतीही हानी करत नाही, पण तिला विषाणू समजून पकडायचे असे अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत मान्य केले आहे. आयकारच्या संकेतस्थळावरून ती डाउनलोड करून पाहा. बहुधा ब्राउझरच तिला अडवेल. नाही अडवले तर फाइल जतन होताच पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात धोका सापडल्याची सूचना येईल आणि फोल्डरमधून फाइल नाहीशी होईल. डिफेंडर असल्यास 'प्रोटेक्शन हिस्टरी'मध्ये तिची नोंद आयकारच्याच नावाने दिसते. काहीच घडले नाही, तर सततचा पहारा बंद आहे असे समजून सेटिंग्ज पुन्हा पाहा. या चाचणीवरून अँटिव्हायरस जागा आहे एवढेच कळते, तो किती चांगला आहे हे कळत नाही.

त्याच वेळी फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन फाइलींची एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी, फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरे, दिसतील असे करून घ्या. 2000 सालच्या मे महिन्यात जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' विषाणूची फाइल साध्या मजकुराची वाटत होती, कारण नावाच्या शेवटचा, तो प्रोग्राम असल्याचे सांगणारा भाग विंडोज लपवत असे. आजही तो मुळात लपलेलाच असतो.

इशारा आला तर

आधी इशारा कोणाचा आहे ते ओळखा. ब्राउझरमध्ये पूर्ण पडदा व्यापून, कर्कश आवाज करत "संगणक बंद करू नका, या क्रमांकावर फोन करा" असे सांगणारे पान म्हणजे फसवणूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. घाबरून न जाता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. उजव्या कोपऱ्यात वरचेवर "पाच विषाणू सापडले" अशा सूचना येत असतील, तर त्यावर ब्राउझरचे नाव आणि एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत आहे का ते पाहा. असेल, तर केव्हातरी 'अलाउ' दाबून आपण त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी दिली आहे. ब्राउझरच्या सेटिंग्जमधील 'नोटिफिकेशन्स'मधून ती काढून घेतली की हे "विषाणू" नाहीसे होतात.

इशारा खरा असेल तर फाइल 'क्वारंटाइन'मध्ये, म्हणजे बंदिस्त कोठडीत जाऊ द्या. लगेच कायमची काढू नका. ती आपल्या ओळखीची असेल आणि चुकीचा इशारा वाटत असेल, तर व्हायरसटोटल या गूगलच्या मालकीच्या मोफत सेवेवर ती चढवून अनेक अँटिव्हायरसचे मत एकदम घेता येते. मात्र तेथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना पाहता येते, त्यामुळे ओळखपत्रे, बँकेचे कागद किंवा घरची छायाचित्रे तेथे टाकू नयेत. एकच धोका काढूनही परत परत येत असेल तर विंडोज सिक्युरिटीतील 'स्कॅन ऑप्शन्स'मधील 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण पंधरा मिनिटांत तपासणी होते आणि आत लपलेल्या प्रोग्रामला आडकाठी करण्याची संधी मिळत नाही. फाइली कुलूपबंद होताना दिसल्या तर सर्वांत आधी वायफाय बंद करा आणि जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क काढून घ्या. छायाचित्रांची आणि कागदपत्रांची एक प्रत नेहमी संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर ठेवण्याचा सल्ला अशाच प्रसंगासाठी दिला जातो.

मन बदलले तर

महिनाभर वापरून अँटिव्हायरस जड वाटला किंवा त्याच्या जाहिरातींचा त्रास झाला, तर तो खुशाल बदलावा. पण फोल्डर हाताने पुसू नका. आधी त्याच्या क्वारंटाइनमध्ये परत हवी असलेली एखादी फाइल आहे का ते पाहा, मग सेटिंग्जमधून तो अनइन्स्टॉल करा. अवशेष राहिल्याची शंका आली, तर अनेक कंपन्या त्यासाठी सफाईचा स्वतंत्र प्रोग्राम आपल्या संकेतस्थळावर देतात, तो चालवा. संगणक रीस्टार्ट करून विंडोज सिक्युरिटी उघडा आणि डिफेंडर पुन्हा पहाऱ्यावर आला आहे याची खात्री झाल्यावरच दुसरा अँटिव्हायरस डाउनलोड करायला घ्या.